व्याधाच्या घरी

शिवलीलामृताचा अकरावा अध्याय आमच्या कारंजा तालुक्यात कितीतरी घरांत रोज वाचला जातो. दुसरा अध्याय मात्र महाशिवरात्रीचा. श्रीधरस्वामींनी ही पोथी १७१८ साली बारामतीला पुरी केली, आणि तेव्हापासून त्या रात्री गावोगावच्या महादेवापुढे एका व्याधाची गोष्ट ऐकली जाते. तो हरणाच्या शिकारीला जातो, त्याला हरीण मिळत नाही आणि त्याचा उद्धार होतो. मी फासेपारधी समाजातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. माझा बाप, आजा, पणजा सगळे त्या व्याधाच्याच धंद्यातले. त्यामुळे ही कथा मला दृष्टांत म्हणून ऐकता येत नाही. ती ऐकताना मला घरच्या माणसाला पडतात तसे प्रश्न पडतात.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. विंध्याद्रीच्या रानातला व्याध. दिवसभर हिंडून काही हाती लागत नाही. रात्री पाणवठ्यापाशी बेलाच्या झाडावर चढून बसतो. नेम नीट दिसावा म्हणून समोरची पानं तोडून खाली टाकतो. खाली शिवलिंग आहे हे त्याच्या गावीही नाही. पोटात अन्न नाही म्हणून उपास घडला, झोपता येत नाही म्हणून जागरण घडलं, पानं पडली म्हणून पूजा घडली. मग एक गाभण हरिणी येते. त्याने बाण जोडलेला बघून ती बोलू लागते. घरी जाते, बाळंत होते, पिलू सोपवून परत येते, मग मला मार, म्हणते. तो तिला जाऊ देतो. मागून आणखी हरणं येतात, तीही शब्द देऊन जातात. पहाटे सगळी परत येतात आणि आधी मला मार, आधी मला, म्हणत त्याच्यापुढे उभी राहतात. व्याध धनुष्य टाकतो. विमान येतं.

कीर्तनात बहुतेक महाराज बेलाच्या पानांवर थांबतात. नकळत पडलेल्या पानांचं एवढं फळ, तर जाणून वाहिलेल्या पानांचं केवढं, असा हिशेब मांडतात. श्रोत्यांना तो आवडतो. मला तो कधीच पटला नाही. उपास नुसता घडला एवढ्याने पुण्य लागत असेल, तर आमच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, पिढ्यान्‌पिढ्या तेच घडत आलं आहे. माणूस रात्रभर जागतो, उपाशी राहतो, रानात पानापाचोळ्यात बसतो, आणि यातलं काहीही त्याने देवासाठी केलेलं नसतं. मग त्याला वर नेणारं काय?

शाळेत माझे एक बौद्ध सहकारी होते. ते म्हणायचे, आमच्याकडे कर्म म्हणजे चेतना; मनात नसेल तर ते कर्मच नव्हे. त्यांच्या मते त्या पानांना काडीची किंमत नव्हती. मी त्यांच्याशी बरीच वर्षं या गोष्टीवर बोललो आणि शेवटी माझ्यापुरतं असं ठरवलं की पानं, उपास, जागरण हे सगळं त्या व्याधाला योग्य वेळी योग्य जागी आणून बसवण्यासाठी होतं. ते देवाचं काम. पण हरिणी समोर आली तेव्हा ओढलेली दोरी सैल कुणी केली? ते त्याने स्वतः केलं, आणि पुरतं जाणून केलं. त्या घटकेला त्याला लिंगाचा पत्ता नव्हता, व्रताचा नव्हता, फळाचा नव्हता. समोर अन्न उभं होतं आणि ते अन्न घरी जाऊ द्या म्हणत होतं. त्याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. पोथीतलं माझं जागं होण्याचं ठिकाण ते आहे.

हे कळल्यावर मी पुराणांतल्या बाकीच्या शिकारी नव्याने वाचल्या, आणि एक गोष्ट ठळक दिसली. राजे शिकारीला जातात आणि शाप घेऊन परततात. दशरथाने आवाजावर बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा श्रावण गेला. पंडूने जोडीने रमलेलं हरीण मारलं. ते किंदम ऋषी निघाले, आणि पंडूचं मरण त्याच्या संसाराला बांधलं गेलं. राम तर सोन्याच्या हरणामागे गेला. हरीण मेलं, पण परतून पाहतो तर पर्णकुटीत सीता नाही. आणि परीक्षित. त्याचं हरीण बाण लागूनही निसटलं. तहानलेला, दमलेला राजा शमीक ऋषींच्या आश्रमात आला. ते मौनात होते, उत्तर मिळालं नाही. राजाने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकला. तोही हरणाविनाच परतलेला शिकारी. पण रिकामा हात त्याला सोसला नाही. घरी त्याची चूल पेटायची थांबली नव्हती, कुणी उपाशी वाट बघत नव्हतं. तरी हरीण हुकलं याचा राग त्याने एका म्हाताऱ्यावर काढला. मनुस्मृती मृगयेला राजाच्या व्यसनांत मोजते ते उगीच नाही.

व्याधाच्या वाट्याला मात्र पुराणं वेगळं माप लावतात. यादवांच्या अंतानंतर जरा नावाच्या व्याधाने कृष्णाचं पाऊल हरीण समजून बाण मारला. प्रत्यक्ष देवाला मारलं, तरी देवाने त्याला अभय दिलं आणि स्वर्गाला पाठवलं. वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे जावं लागतं. तो बाजारात हरणाचं नि म्हशीचं मांस विकतो, स्वतः मारत नाही, आईबापांची सेवा करतो. अहिंसेवर बोलताना तो ब्राह्मणाला सांगतो की नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात ते पाहा. कुणालाच न दुखवता जगणारा कोण आहे? आमच्या भागात कापसावर आणि तुरीवर फवारणी करणाऱ्या माणसाने हे आठवावं असं मला फार वाटतं. भुकेने मारणारा आणि हौसेने मारणारा यांत या कथांनी फरक केला, आणि तो फरक करणारे लोक आमच्या जातीचे नव्हते, हे मी मान देऊन सांगतो.

शंकराचं तर काय सांगावं. तो स्वतःच शिकारी आहे. अर्जुनाशी एका डुकरावरून भांडला तो किरात तोच. ब्राह्मणग्रंथांतल्या जुन्या कथेत प्रजापती हरणाचं रूप घेऊन धावतो आणि रुद्र त्याला बाण मारतो. ते हरीण म्हणजे मृग नक्षत्र. थंडीच्या रात्री माळावरून बघा: चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधोमध एका ओळीत तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि ती ओळ खाली वाढवली की लखलखीत व्याध. आभाळात बाण लागलेला आहे. पोथीत तो सुटलेलाच नाही. एकाच हरणाच्या या दोन गोष्टी आपल्या लोकांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीसाठी दुसरी पुसली नाही. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात जातो तेव्हा आमचे शेतकरी आभाळाकडे डोळे लावतात. मृग बरसला की तिफण निघते. म्हणजे बाण लागलेलं ते हरीण अजून साऱ्या वऱ्हाडाला खाऊ घालतं.

आता माझ्या बापाचं सांगतो.

मी चौथीत असेन. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो १९९८ साली झाला, आम्ही अकोला जिल्ह्यातले. सोहोळच्या बाजूला ई-क्लासचे, म्हणजे सरकारी गायरानाचे, माळ होते, कमरेइतकं गवत, मधे मधे हिवर, बोरी, पळस. काळविटांचे कळप तिथे असत. बाप फासे घेऊन निघाला की मी कधी कधी मागे जाई. हरणाचे फासे तातीचे, म्हणजे जनावराचं आतडं वळून केलेल्या दोरीचे. एका लांब दोरीवर ओळीने फास, आणि दोरी खुंट्यांनी जमिनीत ठोकलेली. हरणाची यायची-जायची वाट ठरलेली असते. लेंड्यांच्या ढिगांवरून, गवताच्या वाकण्यावरून ती कळते. फासे मांडून झाले की लांबून वळसा घ्यायचा आणि घाई न करता कळप तिकडे सरकवायचा. आणखी एक रीत होती, गाईची. शिकवलेली गाय पुढे चरत चरत जाते, तिच्या आडोशाने पारधी सरकतो. हरीण गाईला भीत नाही. आमची सगळी विद्या हरणाच्या विश्वासावर उभी होती, तो कसा राखायचा आणि शेवटच्या क्षणी कसा मोडायचा यावर. म्हणून पोथीतल्या व्याधाने हरणाच्या शब्दावर विश्वास ठेवला हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. त्याने आमची विद्याच उलटी केली.

त्या दिवशी फाशात एक मादी आली. पुढचा डावा पाय खुराच्या वर आवळला होता. ती उसळ्या मारून दमली आणि कुशीवर पडली. बाप धावत गेला, गुडघ्याने तिची मान दाबली, डोक्याचं फडकं सोडून तिच्या डोळ्यांवर टाकलं. डोळे झाकले की हरीण निवतं. मग त्याने पोटाखाली हात घातला. मला वाटलं सुरी काढतोय. तो हात तसाच ठेवून बसला, डॉक्टर बसतो तसा, मान एका बाजूला कलती करून. पोटाची कातडी एका जागी आतून वर आली आणि खाली गेली. मी ते पाहिलं. बापाने फास सैल केला. ताण पडून तात मांसात रुतली होती, ती बोटाच्या नखाने उचलून काढावी लागली. जिथे रुतली होती तिथे त्याने थुंकी लावून चोळलं. फडकं काढलं. ती लगेच उठली नाही. बाप मागे सरकला, मलाही मागे ओढलं. मग ती उठली, तीन पायांवर थोडी लंगडली, आणि पुढे चौथा पाय टेकून उड्या घेत गेली.

“काऊन सोडली?” मी विचारलं.

“दोन जीवाची हाय,” बाप म्हणाला. “दोन जीवाचं खाऊ नाई.” (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे वऱ्हाडीत लिहितो.)

हा माझ्या एकट्या बापाचा चांगुलपणा नव्हता. जमातीची रीतच होती: फाशात गाभण मादी किंवा पाडस आलं तर सोडायचं. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले एकाच मुलखात हिंडूनही वेगवेगळी जनावरं वेगवेगळ्या रीतीने धरतात, हे त्यांनी दाखवलं. पारध्यांच्या या सोडण्याच्या रिवाजाची नोंदही गाडगीळांच्या लिखाणात आहे. वाचलं तेव्हा आपल्या बापाचं नाव छापून आल्यासारखा मी हरखलो होतो. अभ्यासकांचं म्हणणं असं की ही जमातीची शहाणी तजवीज आहे. आज मादी सोडली तर उद्या कळप राहतो. ते खरं आहे. पण काही जण त्यावरून पुढे जातात: म्हणजे हा धर्म वगैरे नव्हे, हा हिशेब. इथे मी अडतो. उद्याचा कळप उद्या होता. त्या संध्याकाळी घरी चार पोरं होती. ज्या नियमापायी आजच्या रात्रीचं जेवण हातातून सोडावं लागतं, आणि माणूस ते कुणी बघत नसताना सोडतो, त्याच्या मुळाशी कितीही शहाणपण असो, पाळणाऱ्यासाठी तो धर्मच आहे.

कारंजा हे जैनांचं जुनं गाव. तिथे भट्टारकांच्या गाद्या होत्या, महावीर ब्रह्मचर्याश्रम आहे. तिथल्या एका जैन गुरुजींशी माझा चांगला स्नेह होता. मी त्यांना एकदा सरळ विचारलं की तुमच्या शास्त्रात माझ्या बापाला कुठे बसवाल. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ते म्हणाले, हिंसेचे चार प्रकार: घरकामात होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःच्या रक्षणात होते ती विरोधी, आणि मारायचंच म्हणून मारणं ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, चौथी टाळलीच पाहिजे. शिकार संकल्पी. पोटासाठी असली तरी.

मला ते झोंबलं, आणि बरोबरही वाटलं. बापाने हरीण मारायच्या इराद्यानेच फासे मांडले होते, त्याला दुसरं नाव देऊन मी त्याची बाजू घेणार नाही. पण मी गुरुजींना म्हणालो, मारण्यातला संकल्प सगळ्यांत जड धरता, तर सोडण्यातला संकल्पही तेवढाच जड धरा. तुमचे नेमिनाथ लग्नाला निघाले होते. मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आकांत त्यांनी ऐकला आणि रथ वळवला, नवरीविना गिरनारला गेले. ते राजपुत्र होते. माझा बाप संध्याकाळच्या भाकरीविना घरी आला. गुरुजी बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, “तुमच्या वडिलांचा रथ वळवणं अवघड होतं.”

पुढे कळप आटले. माळ नांगराखाली गेले, ई-क्लासवर अतिक्रमणं झाली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. १८७१ च्या कायद्याने पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवायची वाट उघडली होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला होता, पण गावाच्या आणि चौकीच्या डोक्यातून गेला नव्हता. आता त्यात शिकारीचा गुन्हा मिळाला. बाप रिकामा येऊ लागला. आधी हरीण मिळत नाही म्हणून, मग मिळालं तरी धरता येत नाही म्हणून, आणि शेवटी फासे घेऊन निघणंच बंद झालं म्हणून.

एका महाशिवरात्रीला गावच्या देवळात कीर्तनकारांनी आमच्याकडे बघून सांगितलं की कलियुगातल्या व्याधांकडूनही देवाने शिकार सोडवली, त्यांचा उद्धार केला. सद्भावाने म्हणाले असतील. पण हे मला मान्य नाही. व्याधाने हातातलं धनुष्य टाकलं. आमच्या हातातून फासे काढून घेतले गेले. काढून घेणं योग्य होतं, हे मी मनापासून म्हणतो. काळवीट राहिलं पाहिजे, आणि ते आमच्या पोटावर राखता येणार नाही इतकं थोडं उरलं होतं. पण योग्य कायदा पाळायला लावला म्हणून पाळणाऱ्याला त्याग घडत नाही. उलट ज्याच्याकडून घेतलं त्याचं देणं लागतं. हरणं सगळ्यांसाठी वाचली आणि भूक एकट्या बेड्याने सोसली. जमीन, जातीचा दाखला, शाळा हे सगळं मागाहून, थेंबाथेंबाने आलं, आणि कितीतरी बेड्यांवर अजून यायचं आहे. माझ्या बापाचं पुण्य शोधायचं तर १९७२ नंतरच्या रिकाम्या हातांत शोधू नका. त्या मादीच्या पोटावर ठेवलेल्या हातात शोधा.

आता कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं, २००० सालापासून. समृद्धी महामार्ग त्यातून जातो. कळप वाढले, आणि ते आजूबाजूच्या वावरांत शिरतात. हरभरा कोवळा असताना, सोयाबीन दोन पानांवर असताना एका रात्रीत तास रिकामे होतात. शेतकरी जागलीला जातो, थंडीत शेकोटीपुढे बसून डबा वाजवतो. त्याचाही उपास घडतो, जागरण घडतं. दोन वर्षांमागे ओळखीचा एक शेतकरी घरी आला, चहा झाल्यावर आवाज बारीक करून म्हणाला, “गुरुजी, तुमच्यातलं कोनी हाय का अजून, फासेवालं?” मी नाही म्हणालो. त्याचा राग मला आला नाही. त्याचं वावर मी बघून आलो होतो, धुऱ्यापासून मधोमधपर्यंत हरभऱ्याचे नुसते खुंट.

त्याला मी निग्रोधमृग जातक सांगितलं. वाराणसीच्या राजाच्या बागेत कोंडलेल्या हरणांतून रोज एकाची पाळी यायची. एका गाभण हरिणीची पाळी आली तेव्हा कळपाचा राजा निग्रोध तिच्याऐवजी स्वतः ठोकळ्यावर मान ठेवून उभा राहिला. राजा हेलावला, त्याने सगळ्या हरणांना अभय दिलं. इथवर सगळे सांगतात. पुढचं फार थोडे सांगतात: निर्भय झालेली हरणं लोकांची पिकं खाऊ लागली. लोक राजाकडे आले. राजा म्हणाला, दिलेला शब्द मोडणार नाही. तेव्हा निग्रोधाने हरणांना पीक खायची मनाई केली आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पानं बांधून खूण करा. त्या जुन्या बौद्ध परंपरेने हे ओळखलं होतं की करुणेचा खर्च कुणाच्या तरी वावरातून निघतो, आणि तो खर्च कुणी उचलायचा हे ठरल्याशिवाय अभय पुरं होत नाही. शेतकरी ऐकून म्हणाला, “त्या वक्ताची हरनं आयकत असतीन.” नुकसानीच्या अर्जाचे कागद मी त्याला भरून दिले. तेवढंच माझ्या हातात होतं.

बेड्यांवरची काही पोरं आता वेगळ्या कामाने माळावर जातात. कारंज्याची ‘संवेदना’ ही संस्था अकोला-वाशीमकडच्या फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि तणमोर पक्षी राखायचं काम करते. गवत कुठलं, कुठे कोण अंडी घालतं, पावसाआधी कळप कुठे सरकतो, हे ज्ञान बापजाद्यांचं आणि आता ते राखणीला लागतं. मला हे त्या धनुष्य टाकण्याहूनही मोठं वाटतं, कारण पोथीतल्या व्याधाचं रानातलं ज्ञान विमानाबरोबर निघून गेलं.

आणि इथे माझ्या मायचा प्रश्न सांगायला हवा. गावच्या देवळातल्या त्या कीर्तनानंतर बेड्यावर मीच पोथी वाचू लागलो. माय तेव्हा हयात होती. तिला अक्षर येत नव्हतं. दुसरा अध्याय संपला, मी अर्थ सांगितला, विमान आलं, व्याध शिवलोकाला गेला. सगळ्यांनी हात जोडले. माय म्हणाली, “अन् त्याच्या घरी?”

“घरी काय?”

“इमान येईस्तोवर लेकरायनं काय खाल्लं?”

मला उत्तर आलं नाही. नंतर मी ती कथा पुन्हा पुन्हा वाचली आणि मला दिसलं की ती सगळी घराचीच कथा आहे. हरिणीला घरी जायचं आहे, काळविटाला घरी जायचं आहे, पिलू घरी आहे. व्याध एकेकाला घरी जाऊ देतो. घरी जात नाही तो फक्त व्याध. विमान त्याला तिथूनच नेतं. हरीण सोडल्यावर जे सगळ्यांत अवघड, म्हणजे अंधारात घराकडे चालत येणं आणि उंबऱ्यावर उभं राहून ‘काही नाही’ म्हणणं, त्यातून देवाने त्याला सोडवलं. माझ्या बापाला सोडवलं नाही. त्या संध्याकाळी तो रिकामे फासे खांद्यावर घेऊन पालापाशी आला. मायने बघितलं, “काई भेटलं?” विचारलं. तो म्हणाला, “दोन जीवाची होती.” तिने ‘कायले सोडली’ म्हटलं नाही. ती उठली, टोपली घेतली आणि अंधार पडायच्या आत गावात गेली, तीन घरं फिरली, कण्या आणि शिळ्या भाकरीचे तुकडे घेऊन आली. ते मिठाच्या पाण्यात शिजवून आम्हाला वाढले. स्वतः काय खाल्लं ते मी पाहिलं नाही. बापाने हरिणी माळावर सोडली, मायने ती पालाच्या दारात सोडली. नकळत पडलेलं बेलाचं पान ज्याच्या हिशेबात धरलं जातं, त्या देवाने ही टोपली धरली नसेल असं मी मानायला तयार नाही.

तेव्हापासून दुसरा अध्याय संपला की आरतीआधी मी पोथी मिटतो आणि व्याधाच्या बायकोचं सांगतो. पोथीत भर घालत नाही. पोथीचं सगळं लक्ष झाडावर आहे, मी फक्त घराकडे बघायला सांगतो. सुरुवातीला एकदोन म्हातारे कुरकुरले. मग बायका पुढे सरकून बसू लागल्या. यंदा पुढच्या रांगेतल्या एका सुनेने विचारलं, “गुरुजी, तिचं नाव काय होतं?” मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, “मंग आपन ठेवू.” बायकांत त्यावरून बोलणं सुरू झालं, एकीने एक नाव सुचवलं, दुसरीने दुसरं, आरतीला उशीर झाला. नाव अजून ठरलेलं नाही. पुढच्या शिवरात्रीला तो भाग तिनेच सांगायचा, एवढं मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.